मृगांतील नवे सूर्य

मृग म्हटला कीं महाराष्ट्रांत प्रथम आठवण होते ती पावसाची. जूनच्या सात-आठ तारखेस सूर्य मृगांत जातो, शेतकरी आकाशाकडे डोळे लावून बसतो आणि पहिल्या सरी पडतांच पेरणीची धांदल उडते. परंतु ज्या दिवसांत मृगाचें नांव घरोघर घेतलें जातें, नेमक्या त्याच दिवसांत तें नक्षत्र कोणाच्या दृष्टीस पडत नाहीं. सूर्यच त्या भागांत असल्यामुळें तें त्याच्याबरोबर उगवतें आणि त्याच्याबरोबर मावळतें. मृग पाहावयाचा तो मार्गशीर्ष-पौषांतील थंडीच्या रात्रीं. चार पायांचे चार तारे, त्यांपैकीं एक तांबूस काक्षी व दुसरा निळसर-पांढरा राजन्य. मध्यें व्याधानें सोडलेल्या बाणाचे तीन तारे एका ओळींत. आणि थोड्या अंतरावर खुद्द व्याध. लोकमान्य टिळकांनीं १८९३ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या 'ओरायन' ग्रंथांत वेदकाल ठरविण्यासाठीं याच नक्षत्राचा आधार घेतला. तेव्हां मृगाशीं महाराष्ट्राचा परिचय जुना आहे.

या बाणाच्या दक्षिणेस अंधुक ठिपक्यांची आणखी एक आंखूड ओळ लोंबतांना दिसते. तींतील मधला ठिपका इतर ताऱ्यांसारखा लखलखीत नाहीं; आरशावर श्वास सोडल्यानें पडलेल्या डागासारखा तो धुरकट दिसतो. हा डाग म्हणजे काय, या प्रश्नापायीं युरोप व अमेरिकेंतील ज्योतिष्यांनीं तीन शतकें घालविलीं; आणि त्याचें जें उत्तर मिळालें त्यांत कलकत्त्यांतील एका तरुण अध्यापकाचाही वांटा होता. प्रश्न दिसावयास लहान, पण त्याच्या पोटांत एक फार मोठा प्रश्न दडलेला होता. आकाशांतील सारे तारे सृष्टीच्या आरंभीं एकदांच निर्माण झाले आणि निर्मितीचें काम तेथेंच संपलें, कीं तें काम अजून चालूं आहे?

दुर्बिणीचा शोध लागल्यावर लौकरच, १६१० सालीं, फ्रान्समधील पेरेस्क या विद्वानास हा धूसर डाग प्रथम दिसला. गॅलिलिओनें १६१७ मध्यें याच ठिकाणीं दुर्बीण रोखून एकमेकांस अगदीं खेटून असलेले तीन तारे पाहिले व त्यांची आकृति काढून ठेवली; परंतु त्यांच्या भोंवतालच्या मेघाचा त्यानें उल्लेख केला नाहीं. हॉलंडमधील हायगेन्स यानें १६५६ मध्यें तारे व मेघ दोन्ही पाहिले आणि १६५९ सालच्या शनिविषयक ग्रंथांत मेघाचें चित्र छापलें. पुढें तिघांच्या जोडीला चौथा तारा सांपडला. हे चार तारे समलंब चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर बसल्यासारखे दिसतात. म्हणून या चौकडीस समलंब असेंच नांव मिळालें. १७६९ च्या मार्चमध्यें धूमकेतूंचा शोध करणाऱ्या मेसिए या फ्रेंच ज्योतिष्यानें, धूमकेतु समजून फसगत होऊं नये म्हणून केलेल्या आपल्या यादींत, या मेघास ४२ वा क्रमांक दिला. अशा रीतीनें मेघाची नोंद झाली, पण तो कशाचा बनलेला आहे हें कोणासच सांगतां येईना.

त्या काळीं मतें दोन होतीं. पहिलें मत असें कीं, आकाशगंगेचा पट्टा जसा दुधाळ दिसतो पण दुर्बिणींतून पाहतां असंख्य तारे बनतो, तसेच हे सर्व मेघही दूरच्या ताऱ्यांचे पुंजके असावेत. दुर्बीण मोठी झाली म्हणजे धुकें फिटेल. दुसरें मत असें कीं, कांहीं मेघ खरोखरच वायुरूप असून त्यांपासून पुढें तारे घडावयाचे आहेत. विल्यम हर्शेल या थोर निरीक्षकानें १७७४ मध्यें आपल्या हातानें घडविलेल्या दुर्बिणीनें मृगांतील हा मेघ पाहिला. प्रथम त्याचा कल ताऱ्यांच्या पुंजक्याकडे होता. परंतु १७९० च्या नोव्हेंबरांत एका निराळ्या मेघाच्या अगदीं मध्यभागीं एकच ठळक तारा पाहून त्यास आपलें मत बदलावें लागलें. एका ताऱ्याभोंवतीं तेजस्वी द्रव्याचें वेष्टण असूं शकतें, असें त्यानें जाहीर केलें. तरीही वाद मिटला नाहीं. १८४५ मध्यें आयर्लंडांतील जमीनदार लॉर्ड रॉस यानें सहा फूट व्यासाच्या आरशाची प्रचंड दुर्बीण उभी केली व मृगाच्या मेघांत आपणांस तारे दिसले असें सांगितलें. अमेरिकेंत हार्वर्ड येथील बॉन्ड यानेंही तसाच निर्वाळा दिला. लोकांनीं मानलें कीं धुकें फिटलें.

वस्तुतः रॉसच्या डोळ्यांनीं त्यास फसविलें नव्हतें. त्या मेघांत अंधुक तारे आहेत, आणि ते पुष्कळ आहेत. चूक होती ती अनुमानांत. सभोंवारचा प्रकाशही ताऱ्यांचाच असला पाहिजे, असें त्यानें धरून चालविलें. डोळ्यानें जें दिसतें त्यावरून वस्तूचें स्वरूप ठरविण्याची मर्यादा येथें संपत होती. नवें साधन हवें होतें.

तें साधन म्हणजे वर्णपट. कांचेच्या लोलकांतून प्रकाश जाऊं दिला म्हणजे तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत रंगांचा पट्टा पडतो. ताऱ्याच्या प्रकाशाचा पट्टा अखंड असून त्यावर मधूनमधून काळ्या रेषा दिसतात. उलट विरळ वायु तापून प्रकाशूं लागला तर पट्टा पडतच नाहीं, काळोखांत केवळ चार-दोन तेजस्वी रेषा उमटतात. ही गोष्ट जर्मनींत किर्खोफ व बुन्सेन यांनीं १८५९ च्या सुमारास सिद्ध केली. लंडनमध्यें विल्यम हगिन्स नांवाचा एक गृहस्थ होता. घरचा कापडाचा धंदा विकून त्यानें राहत्या घराशेजारीं वेधशाळा बांधली होती. १८६४ च्या ऑगस्टमध्यें त्यानें कालेय नक्षत्रांतील एका मेघावर वर्णपटदर्शक रोखला आणि त्यास अखंड पट्ट्याऐवजीं तेजस्वी रेषा दिसल्या. पुढील वर्षीं त्यानें मृगाच्या मेघाविषयींही हेंच सांगितलें. नव्वद वर्षांचा वाद एका कांचेच्या तुकड्यानें निकालांत काढला. मृगाचा मेघ तारकांचा नसून वायूचा आहे.

तथापि एक कोडें सुटतांना दुसरें उभें राहिलें. वायु आपोआप प्रकाशत नाहीं. त्यास कोणी तरी पेटवावें लागतें. मृगाच्या मेघास पेटविणारा कोण? त्या मेघांतील शेंकडों ताऱ्यांतून नेमका दिवा कोणता, तो किती तापलेला आहे, आणि तो केव्हां लागला? याचें उत्तर मिळावयाचें तर ताऱ्यांची ओळख पटली पाहिजे, आणि ओळख पटावयाची तर त्यांचें वर्गीकरण झालें पाहिजे.

हें काम ज्यांनीं केलें त्यांची हकीकत ज्योतिषाच्या इतिहासांत विरळा आहे. न्यूयॉर्कचा हेन्‍री ड्रेपर या हौशी ज्योतिष्यानें १८८० च्या ३० सप्टेंबर रोजीं मृगाच्या मेघाचें पहिलें छायाचित्र घेतलें. त्यास ५१ मिनिटें लागलीं. दोन वर्षांनीं तो अकालीं वारला. त्याच्या विधवा पत्नीनें पतीच्या स्मरणार्थ १८८६ पासून हार्वर्डच्या वेधशाळेस द्रव्यसाहाय्य सुरू केलें, आणि ताऱ्यांच्या वर्णपटांचीं छायाचित्रें कांचेच्या पट्ट्यांवर घेण्याचा मोठा उद्योग तेथें आरंभला गेला. त्या पट्ट्या तपासण्याच्या कामावर संचालक पिकरिंग यानें बहुतेक स्त्रिया नेमल्या. मजुरी तासास सुमारें २५ सेंट. काम डोळ्यांस भिंग लावून नखाएवढ्या वर्णपटांतील केसासारख्या रेषा पाहण्याचें.

यांपैकीं विल्यमिना फ्लेमिंग ही मूळची स्कॉटलंडची. परदेशांत नवऱ्यानें टाकलेली ही बाई पिकरिंगच्या घरीं मोलकरीण होती. तेथून ती वेधशाळेंत आली. १८९० सालीं प्रसिद्ध झालेल्या १०,३५१ ताऱ्यांच्या सूचींतील वर्गीकरण बहुतांशीं तिनें केलेलें आहे. हायड्रोजनच्या रेषा किती ठळक आहेत हें पाहून तिनें ताऱ्यांस इंग्रजी मुळाक्षरांचीं नांवें दिलीं. सर्वांत ठळक रेषांचे ते ए, त्यांहून कमी ते बी, याप्रमाणें. मृगाच्या बाणांतील पूर्वेकडील ताऱ्याजवळचा घोड्याच्या डोक्यासारखा दिसणारा सुप्रसिद्ध काळा मेघ १८८८ मधील एका पट्टीवर प्रथम तिच्याच नजरेस आला. दुसरी अँटोनिया मोरी. ती ड्रेपरची भाची. तिनें १८९७ मध्यें अधिक सूक्ष्म वर्गीकरण प्रसिद्ध केलें. मृगांतील निळसर ताऱ्यांत वारंवार आढळणाऱ्या कांहीं रेषांस त्या काळीं 'ओरायनच्या रेषा' म्हणजे मृगाच्या रेषा असें म्हणत, कारण त्या कोणत्या मूलद्रव्याच्या हें ठाऊक नव्हतें. १८९५ मध्यें रॅम्झे यास पृथ्वीवर हेलियम वायु सांपडला आणि या रेषा हेलियमच्या आहेत हें लक्षांत आलें. ज्यांत हेलियम दिसतो ते तारे मृगांतच इतके कां, हा प्रश्न मात्र बराच काळ अनुत्तरित राहिला.

तिसरी अ‍ॅनी जंप कॅनन. हिला ऐकूं फार कमी येई. पण दृष्टि विलक्षण होती. फ्लेमिंगचीं अक्षरें तिनें गाळून व फिरवून १९०१ मध्यें ओ, बी, ए, एफ, जी, के, एम असा क्रम लावला. हीं अक्षरें आज उलटसुलट वाटतात त्याचें कारण हेंच, कीं अक्षरें जुन्या कल्पनेचीं आहेत व क्रम नव्या कल्पनेचा. रेषा एका वर्गांतून दुसऱ्या वर्गांत कशा हळूहळू पालटत जातात, हें ध्यानीं धरून तिनें माळ ओंवली. माळेच्या एका टोंकास निळे-पांढरे ओ व बी, दुसऱ्या टोंकास तांबडे एम. १९१८ ते १९२४ या काळांत नऊ खंडांत निघालेल्या हेन्‍री ड्रेपर सूचींत तिनें वर्ग ठरविलेले २,२५,३०० तारे आहेत. या सूचीच्या आधारें कोणताही तारा कोणत्या जातीचा हें सांगतां येऊं लागलें. मात्र जात म्हणजे काय हें त्या सूचींत नव्हतें. ए ताऱ्यांत हायड्रोजनच्या रेषा ठळक आणि ओ ताऱ्यांत फिक्या. मग ओ ताऱ्यांत हायड्रोजन कमी आहे असें समजावें काय?

या प्रश्नाचें उत्तर १९२० सालीं कलकत्त्याहून आलें. मेघनाद साहा यांचा जन्म १८९३ मध्यें ढाक्याजवळील एका खेड्यांत, किरकोळ दुकानदाराच्या घरीं झाला. कलकत्ता विद्यापीठांत शिकवीत असतां त्यांनीं ताऱ्याच्या वातावरणांतील परमाणूंचा विचार उष्णतेच्या शास्त्रानें केला. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें. उष्णतामान वाढत गेलें म्हणजे परमाणूंतील विद्युत्कण प्रथम चाळवतात व शेवटीं निसटून जातात. ज्याचा विद्युत्कण निसटला त्या परमाणूच्या पूर्वीच्या रेषा दिसेनाशा होतात. म्हणून ओ ताऱ्यांत हायड्रोजनच्या रेषा फिक्या आहेत त्या हायड्रोजन नाहीं म्हणून नव्हे, तर अतिशय उष्णतेमुळें बहुतेक हायड्रोजनचे विद्युत्कण निसटले आहेत म्हणून. हेलियम आपले विद्युत्कण अधिक घट्ट धरून ठेवतो, म्हणून त्याच्या रेषा अधिक तापलेल्या ताऱ्यांतच दिसतात. आणि एक विद्युत्कण गमावलेल्या हेलियमच्या रेषा तर सर्वांहून तप्त ताऱ्यांतच. साहांच्या समीकरणानें कॅननची माळ म्हणजे उष्णतामानाची शिडी आहे हें सिद्ध झालें. १९२५ मध्यें हार्वर्ड येथें सेसिलिया पेन या तरुण विदुषीनें हेंच समीकरण हजारों वर्णपटांस लावून प्रत्येक पायरीचें उष्णतामान ठरविलें आणि ताऱ्यांत हायड्रोजनचेंच प्राबल्य आहे असा निष्कर्ष काढला. तो निष्कर्ष त्या वेळच्या वडीलधाऱ्या शास्त्रज्ञांस पटला नाहीं. चार वर्षांनीं त्यांना तो मान्य करावा लागला.

आतां मृगाच्या मेघांतील दिवा ओळखण्याची सामग्री हाताशीं आली. १९२२ मध्यें अमेरिकेंत एडविन हबल यानें पुष्कळ मेघ व त्यांच्याजवळचे तारे यांची तुलना केली. त्यास एक नियम आढळला. जवळचा तारा बी वर्गाच्या आरंभाच्या किंवा त्याहून अधिक तप्त असेल, तर मेघ स्वतः तेजस्वी रेषांनीं प्रकाशतो; तारा त्याहून थंड असेल, तर मेघ केवळ ताऱ्याचा प्रकाश परतवितो. यामागील कार्यकारणभाव झान्स्ट्रा या डच शास्त्रज्ञानें १९२७ मध्यें उलगडला. अत्यंत तप्त ताऱ्याचा बराचसा प्रकाश डोळ्यांस न दिसणाऱ्या अतिनील किरणांच्या रूपानें बाहेर पडतो. ते किरण मेघांतील हायड्रोजनचे विद्युत्कण उडवितात, आणि ते विद्युत्कण परत आपल्या जागीं येतांना दृश्य प्रकाश सोडतात. मेघांतील हिरव्या रेषा कोणत्याच ज्ञात द्रव्याच्या नसल्यामुळें 'नेब्युलियम' नांवाचें नवें मूलद्रव्य मानलें गेलें होतें. त्याच वर्षीं बोवेन यानें त्या रेषा दोन विद्युत्कण गमावलेल्या ऑक्सिजनच्या आहेत असें दाखवून तें काल्पनिक द्रव्य नाहींसें केलें.

या कसोटीस समलंब चौकडींतील एकच तारा पूर्णपणें उतरतो. ज्योतिष्यांच्या यादींत त्याचें नांव 'थीटा-एक ओरायनिस सी'. त्याचें पृष्ठभागावरील उष्णतामान सुमारें ३९,००० अंश. सूर्याचें ६,००० अंशांहूनही थोडें कमी. त्याचें वस्तुमान सूर्याच्या तीस पटींहून अधिक, आणि तो सूर्याच्या सुमारें दोन लाख पट तेज ओकीत असतो. हा सारा मेघ प्रकाशित ठेवण्याचें काम मुख्यतः त्या एकट्याचें आहे.

तो तरुण आहे हें कशावरून? ताऱ्याच्या चेहऱ्यावर वय लिहिलेलें नसतें. येथें शास्त्रज्ञांनीं जी युक्ति लढविली ती प्रत्येक संसारी माणसास कळण्याजोगी आहे. एका गृहस्थाजवळ वडिलार्जित पुंजी बेताची, पण खर्चही बेताचा. त्याचें जन्मभर निभतें. दुसऱ्याजवळ पुंजी तीस पट, पण खर्च दोन लाख पट. हा दुसरा गृहस्थ आज थाटांत दिसला, तर एवढें निश्चित कीं पुंजी त्याच्या हातीं येऊन फार दिवस झालेले नाहींत. एडिंग्टन यानें १९२४ मध्यें दाखविलें कीं ताऱ्याचें वस्तुमान वाढलें म्हणजे त्याचें तेज त्याहून कितीतरी अधिक वेगानें वाढतें. १९३९ मध्यें हान्स बेटे यानें ही पुंजी कोणती तें सांगितलें. हायड्रोजनपासून हेलियम बनतांना जी शक्ति मोकळी होते तीच ताऱ्याची मिळकत. सूर्यास ती सुमारें १,००० कोटि वर्षें पुरेल. त्यांपैकीं साडेचारशे कोटींहून थोडीं अधिक वर्षें सरलीं आहेत. समलंबांतील त्या ताऱ्यास मात्र ती, सर्व बारकावे धरूनही, कांहीं दशलक्ष वर्षांपलीकडे पुरावयाची नाहीं. अर्थात् त्याचा जन्म त्या अवधीच्या आंतला. मेघांतील इतर ताऱ्यांवरून या कुटुंबाचें वय दहा ते तीस लाख वर्षांच्या दरम्यान येतें. पृथ्वीवर त्या वेळीं दोन पायांवर चालणारे, दगडांचीं हत्यारें घडविणारे प्राणी हिंडत होते. ताऱ्यांच्या जन्मास साक्षीदार नसतो असें समजण्याचें कारण नाहीं. साक्षीदार होते, त्यांना वाचतां येत नव्हतें एवढेंच.

१९४७ मध्यें आर्मेनियाचा ज्योतिषी अंबार्त्सुम्यान यानें निराळ्याच वाटेनें हाच निष्कर्ष काढला. ओ व बी ताऱ्यांचे विरळ घोळके आकाशगंगेंत जागोजाग आढळतात. ते इतके सैल आहेत कीं परस्परांच्या आकर्षणानें त्यांना एकत्र राहतां येणार नाहीं. थोड्याच काळांत ते पांगले पाहिजेत. कीर्तन संपल्यावर देवळाच्या दारांत माणसांचा घोळका दिसला, तर तें नुकतेंच संपलें असें कोणीही समजेल. तसेंच हे तारे अजून एकत्र दिसतात त्या अर्थीं ते नुकतेच जन्मले आहेत. घोळक्यांतून पांगलेलेही सांपडले. १९५४ मध्यें ब्लाव व मॉर्गन यांनीं दाखविलें कीं सारथी नक्षत्रांतील एक व कपोत नक्षत्रांतील एक असे दोन तप्त तारे सेकंदास सुमारें शंभर किलोमीटर वेगानें परस्परविरुद्ध दिशांना धांवत आहेत, आणि त्यांचे मार्ग मागें नेले तर सुमारें २६ लाख वर्षांपूर्वीं ते मृगांत एकत्र येतात. एकाच घरांतून एकाच काळीं बाहेर पडलेलीं तीं दोन भावंडें होत. 'ओरायनच्या रेषा' मृगांतच इतक्या कां, याचाही उलगडा येथें झाला. असे तारे जन्मस्थानापासून फार दूर जाण्यापूर्वींच संपतात. जेथें ते विपुल, तेथें जन्म चालूं आहे.

ओळख पटली म्हणजे काम संपलें असें मात्र झालें नाहीं. १९४३ मध्यें यर्कीझ वेधशाळेंतून मॉर्गन, कीनन आणि ईडिथ केलमन यांनीं वर्णपटांचा नमुनासंग्रह प्रसिद्ध करून वर्गीकरणास आजचें रूप दिलें. नमुन्याशेजारीं नवा वर्णपट ठेवावयाचा आणि रेषांच्या जोड्या ताडून पाहावयाच्या. ओ ताऱ्यांच्या बाबतींत साध्या हेलियमची एक रेषा व विद्युत्कण गमावलेल्या हेलियमची एक रेषा यांची तुलना करतात. दोन्ही सारख्या दिसल्या तर तारा सातव्या उपवर्गाचा. दुसरी वरचढ असेल तर तो त्याहून तप्त. पद्धत सोपी, पण तारे जन्मतात त्या प्रदेशांत तिला एक खोड आहे. तेथील मेघ स्वतःही हेलियमच्या तेजस्वी रेषा सोडतो. ताऱ्याच्या काळ्या रेषेवर मेघाची तेजस्वी रेषा पडली कीं काळी रेषा फिकी दिसते आणि तारा आहे त्याहून अधिक तप्त भासतो. यास्तव मेघाचा वांटा वजा केल्यावांचून निकाल देतां येत नाहीं.

मृगाच्या या मुख्य ताऱ्यानें तर परीक्षकांस चांगलेंच चकविलें. निरनिराळ्या वेळीं त्याचा उपवर्ग निरनिराळा येई. चूक परीक्षकांची नव्हती. ताऱ्याचा वर्णपटच सुमारें १५.४ दिवसांच्या आवर्तनानें पालटतो असें १९९० नंतरच्या वर्षांत निश्चित झालें. त्याच्या अंगीं जबर चुंबकत्व असून तो स्वतःभोंवतीं फिरतांना त्याच्या निरनिराळ्या बाजू समोर येतात, हें २००२ मध्यें कळलें. १९९९ मध्यें रशियांतील सहा मीटर व्यासाच्या दुर्बिणीनें त्यास चिकटून असलेला एक सोबती उघडकीस आणला. दोघांची प्रदक्षिणा सुमारें ११ वर्षांची आहे. चौकडींतील दुसऱ्या एका ताऱ्याचें ग्रहण तर १९७५ मध्यें लक्षांत आलें. तीन शतकें दुर्बिणी रोखलेल्या असतांही तें कोणाच्या नजरेस आलें नव्हतें. गॅलिलिओनें जे एकेक म्हणून मोजले ते एकेक नव्हतेच.

शिवाय जे दिसतात तेवढेच नवे तारे, असेंही नाहीं. तेजस्वी मेघाच्या पाठीमागें धुळीनें भरलेला काळा मेघ पसरला आहे. दृश्य प्रकाश त्या धुळींतून बाहेर येत नाहीं, परंतु उष्णतेचे अवरक्त किरण येतात. १९६७ मध्यें कॅलिफोर्नियांत बेकलिन या विद्यार्थ्यानें नॉयगेबाउअर या अध्यापकाबरोबर समलंबाच्या जवळच, दृश्य प्रकाशांत मुळींच न दिसणारा पण अवरक्त किरणांत ठळकपणें झळकणारा एक तारा प्रसिद्ध केला. तो सूर्याच्या सुमारें दहा पट वस्तुमानाचा तरुण तारा असावा असें पुढील अभ्यासांतून दिसलें. आणि २००५ मध्यें रेडिओ दुर्बिणींनीं दाखविलें कीं तो व त्याच्या शेजारचा एक लपलेला तारा सुमारें ५०० वर्षांपूर्वींच्या एका झटापटींतून परस्परांपासून दूर फेंकले जात आहेत. तारे जन्मतांना एकमेकांस ढकलतात, हें पुराणांतील नव्हे, अगदीं अलीकडचें वृत्त आहे. अशा झांकलेल्या प्रदेशांचा शोध भारतांतूनही झाला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेनें हैदराबादहून फुग्याबरोबर एक मीटर व्यासाची दुर्बीण उंच वातावरणांत पाठवून त्यांचे अवरक्त नकाशे काढले, आणि पुणें जिल्ह्यांत नारायणगांवाजवळ खोडद येथें उभारलेल्या तिच्या तीस प्रचंड तबकड्या त्याच तऱ्हेच्या मेघांचे रेडिओ-किरण टिपतात.

या इतिहासांतून निघणारें तात्पर्य असें कीं, सृष्टीची निर्मिति एकदांच होऊन संपलेली नाहीं. विशेष हें कीं ही गोष्ट कोणा एकाच्या प्रतिभेनें कळली नाहीं. कापडाचा धंदा सोडलेला गृहस्थ, टाकलेली मोलकरीण, कानांनीं अधू असलेली पदवीधर स्त्री, बंगालच्या खेड्यांतील दुकानदाराचा मुलगा, जिचा निष्कर्ष वडिलांनीं नाकारला ती तरुणी, अशा अनेकांनीं आपापली पायरी बांधली. प्रत्येकास मागच्याची चूक सुधारावी लागली, आणि तरीही मागच्याच्या नोंदी टाकून देतां आल्या नाहींत. फ्लेमिंगचीं अक्षरें आजही चालूं आहेत. हार्वर्डच्या कांचेच्या पट्ट्या आजही जपून ठेवलेल्या आहेत.

मृगाचा हा मेघ सुमारें १,३५० प्रकाशवर्षें दूर आहे. आज तेथून जो प्रकाश डोळ्यांत शिरतो तो निघाला तेव्हां महाराष्ट्रावर बदामीच्या चालुक्यांचें राज्य होतें. थंडींतील एखाद्या निरभ्र रात्रीं, शहरांतील दिव्यांपासून थोडें दूर जाऊन, बाणाच्या खालच्या त्या आंखूड ओळींतील मधल्या ठिपक्याकडे लक्ष द्यावें. साध्या दुर्बिणींतून त्याचा धूसरपणा स्पष्ट दिसतो. थोड्या अधिक शक्तीच्या दुर्बिणींतून चार इवले तारेही वेगळे होतात. मृग लागला म्हणजे शेतांत पेरणी होते, हें प्रत्येकास ठाऊक आहे. त्याच मृगाच्या पोटांत दुसरी एक पेरणी चालूं असून तिचे अंकुर वर आले आहेत, हें त्या ठिपक्याकडे पाहतांना ध्यानीं राहील.